अकरा महिन्यांचा करार आणि समाजाचा धर्म

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर या शहरांच्या रस्त्यांवर एक मूक स्थलांतर चाललेले असते. टेम्पोत कपाट, गाद्या, भांड्यांची खोकी आणि सर्वांत वर तुळशीची कुंडी ठेवून एखादे कुटुंब एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत निघालेले दिसते. त्याची बातमी होत नाही, त्यासाठी मोर्चा निघत नाही. त्या कुटुंबाने भाडे थकवलेले नसते आणि घरमालकानेही कोणता कायदा मोडलेला नसतो. अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो आणि त्याच्या नूतनीकरणावर दोघांचे एकमत झालेले नसते, एवढेच. परंतु या ‘एवढेच’मध्ये मुलांची शाळा असते, वृद्ध आईचा नेहमीचा डॉक्टर असतो, मोठ्या कष्टाने जुळलेला शेजार असतो. उलट बाजूला, आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेले घर एकदा दिले तर ते परत हाती येईल ना, ही मालकाची धास्ती असते. वर्षागणिक लाखो घरांतून घडणारा हा प्रसंग खाजगी व्यवहार म्हणून सोडून देण्याइतका किरकोळ राहिलेला नाही. आपली शहरे कोणत्या प्रकारचा समाज घडवीत आहेत, याचा तो एक आरसा आहे.

या वादात दोन्ही बाजूंचे गाऱ्हाणे खरे आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. भाडेकरू म्हणतो, करारात वार्षिक वाढ पाच किंवा दहा टक्के अशी बोलणी झाली होती. आता मुदत संपण्यास पंधरा दिवस उरले असताना एकदम पंचवीस-तीस टक्के वाढ मागितली जाते, आणि ती मान्य नसेल तर घर सोडा असे सांगितले जाते. परीक्षा तोंडावर असताना नवे घर शोधावयाचे कसे? नव्या घराची अनामत रक्कम, दलालाची दलाली आणि सामान हलविण्याचा खर्च मिळून दोन-तीन महिन्यांचे भाडे सहज जाते. ही गोष्ट मालकालाही ठाऊक असते आणि तिचाच दबाव म्हणून उपयोग होतो. मालक म्हणतो, शेजारच्या इमारतीत तेवढेच घर अधिक भाड्याने जात आहे. वसाहतीचे देखभाल शुल्क वाढले, मालमत्ता कर वाढला, घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता चालू आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्ध दांपत्याला हे भाडे म्हणजेच दर महिन्याची मिळकत आहे. शिवाय मुदत संपूनही ‘आणखी दोन महिने राहू द्या’ म्हणणारा भाडेकरू पुढे सहा महिने राहतो, हा अनुभव कोणी ना कोणी त्याला ऐकवलेला असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असताना दोघांचे नाते मात्र बिघडते. ते का, याचे उत्तर आजच्या बाजारभावात जितके आहे, त्याहून अधिक ते गेल्या पाऊण शतकाच्या कायद्यात आहे.

अकरा महिन्यांचा करार हा मुळात अविश्वासाचा पुत्र आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम आले. युद्धकाळातील टंचाईत भाडेकरूची लूट होऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते ‘प्रमाण भाडे’ ठरविले गेले. हा कायदा तात्पुरता म्हणून आला, परंतु त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवीत तो अर्धशतक चालविला गेला. धान्य, कापड, पगार, सिमेंट, गवंड्याची मजुरी या सर्वांचे दर काळाबरोबर कित्येक पटींनी वाढले. भाडे तेवढे १९४० मध्ये गोठून राहिले. गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील चाळींच्या मालकांना मिळणारे भाडे इमारतीला चुना लावण्यासही पुरेना. मालकाने दुरुस्ती थांबविली, इमारती खचू लागल्या, आणि मग त्या दुरुस्त करण्यासाठी १९६९ साली वेगळा कायदा करून वेगळे मंडळ व वेगळा उपकर निर्माण करावा लागला. एका चुकीच्या धोरणाचे परिणाम झाकण्यासाठी दुसरी यंत्रणा उभारावयाची, ही त्या काळच्या समाजवादी कारभाराची रीतच होती.

भाड्याने घर देणे म्हणजे घर गमावणे, हे समीकरण रूढ झाल्यावर मालकांनी भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ मधील परवान्याची वाट धरली. भाडेपट्ट्यात जागेतील हितसंबंध भाडेकरूकडे जातो. परवान्यात केवळ वापराची अनुमती मिळते. ‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावाने आज परिचित असलेला करार असा रूढ झाला. परंतु १९७३ मध्ये शासनाने कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा दिला. ज्याने विश्वासाने ठरावीक मुदतीसाठी घर दिले होते, त्याचे घर कायद्याने अडकले. या घटनेला आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत, तरी तिची भीती पुढच्या पिढीच्या मनातही घर करून आहे. ‘दोन वर्षांचा करार करू या’ असे भाडेकरूने म्हणताच मालकाच्या कपाळावर आठी पडते, ती या इतिहासामुळे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये सक्तीची असल्याने तीही टळावी, म्हणून बारा नव्हे तर अकरा महिने, हा आकडा रूढ झाला.

अखेर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात निकाल देताना स्पष्ट केले की, १९४० च्या पातळीवर भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली. परवान्याने दिलेल्या निवासी जागेबाबत या कायद्याचे कलम २४ अगदी स्पष्ट आहे. मुदत संपताच जागा मालकाच्या ताब्यात दिली पाहिजे. न दिल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि राहणाऱ्याने दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी. कलम ५५ नुसार असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही, तर कराराच्या अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी आवश्यक असल्यामुळे ‘अकरा’ या आकड्याचे कायदेशीर प्रयोजन २००० सालीच संपले आहे. दोन किंवा तीन वर्षांचा परवाना नोंदविला, तरी मालकाचे संरक्षण तिळमात्र कमी होत नाही. साप मेला आहे, तरी काठी मात्र अजून आपटली जात आहे. आणि तिचा आवाज ऐकून दर अकरा महिन्यांनी एक कुटुंब घाबरते.

कायद्याचा काटा पूर्वी एका टोकाला होता, तो आता दुसऱ्या टोकाला गेला आहे. १९४७ च्या व्यवस्थेत मालक असहाय होता. आजच्या परवान्यात राहणाऱ्याला नूतनीकरणाचा कोणताही हक्क नाही. मालकाने ‘नाही’ म्हटले की विषय संपला. एकीकडे भाडेकरू घराचा धनी होऊन बसतो, दुसरीकडे तो सामानासह हलविता येणारा पाहुणा ठरतो. या दोन टोकांच्या मध्ये काही असू शकते, याची कल्पनाच आपल्या कायद्याने आजवर फारशी केली नाही. याचे मूळ विचारसरणीत आहे. डाव्या विचाराने मालक आणि भाडेकरू हे दोन परस्परविरोधी वर्ग मानले व एकाचे हिरावून दुसऱ्याला देण्यात न्याय पाहिला. बाजारवादी विचाराने या दोघांना केवळ दोन करारबद्ध व्यक्ती मानले आणि करार संपला की संबंध संपला, असे ठरविले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, त्यात या दोन्ही दृष्टींची अपूर्णता त्यांनी दाखवून दिली होती. समाज हा काही व्यक्तींनी मिळून केलेला करार नाही, तो स्वयंभू आहे, हे त्या मांडणीचे एक प्रमुख सूत्र. घराच्या दाराशी हे सूत्र आणले, तर त्याचा अर्थ असा होतो की, मालक व भाडेकरू हे एकाच समाजपुरुषाचे घटक आहेत. करार त्यांच्यातील व्यवहाराची चौकट आहे, त्यांच्या नात्याची सीमा नव्हे.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही, आजच्या मराठी मध्यमवर्गाची ती रोजची वस्तुस्थिती आहे. पुण्यात कोथरूडला किंवा पिंपळे सौदागरला आई-वडील दुसऱ्या सदनिकेचे मालक असतात, आणि त्यांचाच मुलगा बंगळुरूत किंवा हैदराबादेत भाडेकरू असतो. बंगळुरूचा मालक अनामत म्हणून दहा-दहा महिन्यांचे भाडे मागतो, तेव्हा हेच आई-वडील त्याला लुटारू म्हणतात. आणि आपल्या सदनिकेचे भाडे वाढविताना मात्र बाजारभावाचा दाखला देतात. अमेरिकेत किंवा जर्मनीत स्थायिक झालेली मुलगी तिकडे भाड्याच्या घरात राहते आणि तिचे ठाण्यातील घर दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलेले असते. मुंबईत तर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाने हजारो मालकांनाच भाडेकरू करून सोडले आहे. इमारत पाडल्यानंतर विकासकाने दिलेल्या भाड्यावर तीन वर्षे म्हणून बाहेर पडलेले कुटुंब पाच-सात वर्षे परत येत नाही. विकासकाचे धनादेश थांबले की दर अकरा महिन्यांनी नव्या मालकासमोर उभे राहण्याचे दुःख त्याला कळते. वर्गसंघर्षाच्या सिद्धान्तात हे बसत नाही. ज्या घरात मालक व भाडेकरू एकाच ताटात जेवतात, तेथे कोणी कोणाविरुद्ध लढावयाचे?

भाड्याच्या घराला आपल्या सार्वजनिक जीवनात जे स्थान आहे, तेही विसरून चालणार नाही. लोकमान्यांच्या प्रेरणेने १८९३ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीने त्यात पहिल्या फळीत स्थान घेतले. ती भाडेकरूंचीच वस्ती होती. मुंबईतील कित्येक वाचनालये, व्यायामशाळा, भजनी मंडळे, उत्सव मंडळे आणि शाखा चाळीतील भाडेकरूंनीच उभ्या केल्या. त्यांच्यापाशी जागेची मालकी नव्हती. वस्तीत आपण राहणार आहोत, ही खात्री मात्र होती. त्या खात्रीतून शेजारधर्म आला, शेजारधर्मातून संघटन आले. आजच्या गृहसंकुलात प्रत्येक मजल्यावरील दोन-तीन घरे दर अकरा महिन्यांनी बदलतात. ज्याला पुढच्या दिवाळीला येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो वसाहतीच्या गणपतीसाठी वर्गणी देईल, परंतु वेळ देणार नाही. तो शाखेत येण्याचे मनावर घेईपर्यंत त्याचा पत्ता बदललेला असतो. वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हा अनुभव नवा नाही. अस्थिर घरे म्हणजे विस्कळीत समाज, हे सूत्र ज्याला समाजसंघटन करावयाचे आहे त्याने तरी डोळ्यांआड करू नये.

या प्रश्नाचा समतोल विचार करण्यासाठी परदेशी नमुन्यांकडे धावण्याची गरज नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, वास्तूविषयक प्रकरणात, भाड्याने राहणाऱ्याला ‘अवक्रयी’ म्हटले आहे आणि दोघांनाही एकाच तराजूत तोलले आहे. ‘राहू नकोस’ असे सांगितल्यावरही जो राहील, त्याला बारा पण दंड. आणि भाडेकरूला जो घालवून देईल, त्यालाही बारा पणच दंड. मात्र भाडेकरूने शिवीगाळ, चोरी, दांडगाई, व्यभिचार किंवा खोट्या हक्काने उपभोग असा अपराध केला असेल, तर मालकावर दोष नाही. आणि भाडेकरू आपल्या मर्जीने मध्येच सोडून गेला, तर वर्षाचे उरलेले भाडे त्याने द्यावे. नारदस्मृतीने तर दुसऱ्याच्या भूमीवर भाडे देऊन घर बांधणाऱ्याला, जाताना आपले गवत, लाकूड व विटा घेऊन जाण्याचा हक्क मान्य केला आहे. दोन्ही बाजूंना समान दंड, मालकाला कारणाचे बंधन आणि भाडेकरूला मुदतीचे बंधन, ही ती भारतीय दृष्टी. १९४७ च्या कायद्यात मुदतीचे बंधन नाहीसे झाले, अकरा महिन्यांच्या करारात कारणाचे. प्राचीन ग्रंथांतील दंड आज जसेच्या तसे लागू करावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांतील समतोल आजही मार्गदर्शक आहे.

आता ज्या चुका आपल्याच समाजात, आपल्याच परिचितांत घडतात, त्यांकडे पाहू. मालकांची पहिली चूक नोंदणी टाळण्याची. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर लिहून तो नोटरीकडून साक्षांकित केला की करार झाला, असे अनेक सुशिक्षितही मानतात. नोटरीची मोहोर म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात ही नोंदणी आता घरबसल्या संगणकाद्वारे होते आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क मिळून होणारा खर्च शहरी घराच्या एका महिन्याच्या भाड्याचा अल्पसा अंश असतो. तेवढे वाचविण्यासाठी मालक स्वतःचेच संरक्षण गमावतो आणि वाद झाला की न्यायव्यवस्थेला दोष देतो. दुसरी चूक उशिरा सांगण्याची. नूतनीकरण करावयाचे नाही, किंवा भाडे वाढवावयाचे आहे, हे मालकाच्या मनात बरेच आधी ठरलेले असते. परंतु भाडेकरूला दुसरे घर पाहण्यास अवधी मिळू नये म्हणून ते शेवटच्या पंधरवड्यात सांगितले जाते. याला व्यवहारचातुर्य म्हणत असतील, पण धर्म म्हणता येणार नाही. तिसरी चूक अनामत रकमेची. रंगकामाच्या, साफसफाईच्या, नळाच्या तोटीच्या नावाने एवढी कपात होते की, अनामत ही ठेव होती की आगाऊ दंड होता, असा प्रश्न पडावा. आणि मुदत संपल्यावर भाडेकरू निघत नाही म्हणून पाणी-वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान जिन्यात आणून ठेवणे हे प्रकार तर सरळ बेकायदेशीर आहेत. हक्क सिद्ध करण्याची वाट सक्षम प्राधिकाऱ्याकडून जाते, मनगटातून नव्हे.

भाडेकरूंच्या चुकाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ठरलेल्या दिवशी घर रिकामे करणे हा दिलेला शब्द आहे. आपल्या नव्या सदनिकेचा ताबा विकासकाने लांबविला, हे दुःख खरे. पण त्याचा भार ज्याने घर विश्वासाने दिले त्याच्यावर टाकता येत नाही. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे न देता ‘अनामत रकमेतून वळते करा’ असे सांगणे, मालक परदेशी आहे हे पाहून पोटभाडेकरू ठेवणे, वृद्ध मालकाला न्यायालयाची भीती घालून मुदतवाढ उकळणे, हे प्रकार सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांतही घडतात. अशा एका भाडेकरूमुळे पुढच्या दहा प्रामाणिक भाडेकरूंना दारे बंद होतात. अविश्वासाचे व्याज नेहमी निरपराध माणूस भरतो.

या दोघांच्या मध्ये उभा असतो दलाल. घर बदलले की दलाली मिळते आणि नूतनीकरण झाले तरी पुष्कळदा पुन्हा दलाली मागितली जाते. त्यामुळे ‘तुमच्या घराला आज इतके सहज मिळतील’ हे वाक्य मालकाच्या कानावर घालण्यात त्याचे हित असते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरे रिकामी पडली. त्यानंतर कार्यालये पुन्हा भरू लागली तशी मोठ्या शहरांत भाडी झपाट्याने चढली. तेव्हा वाढीच्या मोहाने चांगला भाडेकरू घालविणाऱ्या मालकाने साधा हिशेब करून पाहावयास हवा होता. घर दोन महिने रिकामे राहिले, रंगकाम झाले, दलाली गेली, तर वर्षभराची वाढ त्यातच फिटते. वेळेवर भाडे देणारे, घर स्वच्छ ठेवणारे, शेजाऱ्यांशी जुळवून घेणारे कुटुंब ही मालकाचीही मिळकतच असते; ती बाजारभावाच्या तक्त्यात दिसत नाही, इतकेच.

आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास अवघड असली तरी टाळता येत नाही. घर नाकारण्याचे खरे कारण कित्येकदा भाडे नसते, आडनाव असते. पहिल्या भेटीत गावाची चौकशी होते, मग आडनावाची, मग आहाराची. आणि दुसऱ्या दिवशी ‘घर दुसऱ्याला दिले’ असा निरोप येतो. मुंबईत मराठी माणसालाही हा अनुभव येतो, तेव्हा आपण संतापतो. मग आपल्याच वाड्यात, आपल्याच सदनिकेत दलित किंवा भटक्या समाजातील सुशिक्षित कुटुंबाला तोच अनुभव येत असेल, तर आपल्या संतापाला नैतिक बळ कोठून येणार? सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविषयी निःसंदिग्ध भूमिका मांडली, त्यास अर्धशतक झाले. समरसतेचे व्याख्यान ऐकून टाळ्या वाजविणे सोपे. घराची किल्ली हाती देताना आडनाव न विचारणे ही तिची खरी परीक्षा. भाडेकरूची ओळखपत्रे तपासणे आणि त्याची माहिती पोलीस ठाण्यास देणे हे राष्ट्राच्या सुरक्षेसाठी प्रत्येक मालकाचे कर्तव्य आहे. त्यात कुचराई नको. परंतु चौकशी ओळखीची असावी, जातीची नव्हे.

शासनाचे उत्तरदायित्वही येथे संपत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. एकीकडे घरासाठी वणवण आणि दुसरीकडे कुलूपबंद घरे, हे चित्र मालकाच्या भीतीतूनच निर्माण होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यास मान्यता दिली. लेखी करार, निवासी जागेस अधिकाधिक दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, वाद सोडविण्यासाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय व भाडे न्यायाधिकरण अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था, मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे, आणि मालकाने पाणी-वीज तोडण्यास मनाई, अशा तरतुदी त्यात आहेत. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्याने निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला. त्यातील दृष्टी, दोघांनाही संरक्षण आणि दोघांनाही बंधन, योग्य दिशेची आहे. महाराष्ट्रातील कायद्याची अंमलबजावणी तिच्याशी ताडून पाहिली, तर दोन उणिवा ठळक दिसतात. नूतनीकरण नाकारण्याची पूर्वसूचना किती दिवस आधी द्यावी, याचे सर्वांस लागू असे बंधन हवे. आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढील अर्ज ठरावीक मुदतीत निकाली निघाले पाहिजेत. मालकाला घर वेळेत परत मिळेल अशी खात्री वाटली, तर तो अकरा महिन्यांचा हट्ट आपोआप सोडील. मालकाची सुरक्षितता आणि भाडेकरूचे स्थैर्य ही परस्परविरोधी नाहीत. पहिली असल्याशिवाय दुसरे येत नाही.

तथापि कायद्याची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नाही. समाजाने जे स्वतःहून करावयाचे, ते कायदा कधीच पुरे करू शकत नाही. ज्यांच्यापाशी दुसरे घर आहे अशा विचारपरिवारातील कुटुंबांनी आपल्यापुरते काही नियम आजच घालून घ्यावेत. करार नोंदणीकृतच करावा आणि शक्य तेथे दोन किंवा तीन वर्षांचा करावा. वार्षिक वाढीचा दर प्रथमच लिहून ठेवावा, म्हणजे दरवर्षी ताणाताणी होणार नाही. नूतनीकरण करावयाचे नसेल, तर किमान दोन-तीन महिने आधी लेखी सांगावे, आणि घरात शाळेत जाणारी मुले असतील, तर मुदत शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस संपेल अशी आखणी करावी. अनामत रक्कम, झालेल्या नुकसानीचा हिशेब दाखवून, किल्ली मिळेल त्याच दिवशी परत करावी. भाडेकरू असलेल्या कुटुंबांनी मुदतीच्या दिवशी घर रिकामे करण्याचा शब्द व्रतासारखा पाळावा आणि घर घेतले होते त्याहून स्वच्छ परत द्यावे. वाद झालाच, तर वकिलाच्या नोटिशीआधी वसाहतीतील दोन जाणत्या माणसांसमोर बसावे. कार्यकर्त्यांनीही वस्तीत नव्याने आलेल्या भाडेकरू कुटुंबाच्या घरी पहिल्या आठवड्यातच जावे. ते किती दिवस राहणार, हा प्रश्न मनात न आणता.

अतिथीला देव मानणारी ही भूमी आहे. भाडेकरू अतिथी नाही, तो मूल्य देऊन राहतो. म्हणून त्याच्याशी अतिथीहून कमी सौजन्याने वागावे, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. मालकही दाता नाही, तो मूल्य घेतो. म्हणून त्याच्या घामाच्या घराविषयी बेपर्वाई दाखवावी, असेही नाही. कराराच्या कागदावर तारीख लिहिलेली असते, आणि ती पाळलीच पाहिजे. परंतु त्या तारखेपर्यंत कसे वागावे आणि त्या तारखेला एकमेकांचा निरोप कसा घ्यावा, हे कागद सांगत नाही. ते संस्कार सांगतात. त्या संस्कारांची कसोटी यंदाही मे महिन्यात हजारो घरांच्या उंबऱ्यावर लागणार आहे. आपल्या विचारांच्या घरांनी तरी तेथे उणे पडू नये.